एक्केचाळिसात की एकोणसाठात

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला दहावा अध्याय महाचतुष्पाद नावाचा. त्यात मैत्रेय हा शिष्य पुनर्वसू आत्रेयांना जे विचारतो, ते रोज रोगी तपासणाऱ्या माणसाला सुखाने झोपू देणारं नाही. वैद्य जाणता आहे, औषध उत्तम आहे, सेवा करणारा मायेचा आहे, रोगी सांगितलेलं ऐकणारा आहे. तरी अशांतला एक उठून कामाला लागतो आणि दुसरा जातो. ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, त्यांच्यातही काही बरे होतात, काही जातात. मग औषध देणं आणि न देणं सारखंच की नाही?

पिंपळगाव राजात दवाखाना टाकून मला बरीच वर्षं झाली. बीएएमएसला असताना वाचलेलं पुष्कळसं मागे पडलं, मैत्रेयाचा प्रश्न सोबत राहिला. एका घरातल्या दोघा भावांना एकच औषध दिलं, एकाला तिसऱ्या दिवशी गुण आला आणि दुसऱ्याला खामगावला पाठवावं लागलं, हे गावच्या प्रत्येक डॉक्टरने पाहिलेलं असतं. लोकांकडे याचं उत्तर तयार असतं: याच्या नशिबात होतं, त्याच्या नव्हतं. आत्रेय ते उत्तर देत नाहीत, म्हणून मला ते मोठे वाटतात. ते सांगतात की औषध वाया जात नाही. साध्य रोगावर ते चालतं, असाध्यावर चालत नाही, म्हणून आधी परीक्षा करा आणि मग हात घाला. असाध्य रोगाला हात घालणारा वैद्य पैसा, विद्या आणि कीर्ती गमावतो, असंही ते पुढे बजावतात. हे शेवटचं मला कधीच पटलेलं नाही. रोगी समोर बसला असताना वैद्याच्या कीर्तीचा हिशोब मधे येऊ नये.

पण खरी अडचण वेगळीच आहे. बरा झाला म्हणून साध्य म्हणायचं आणि गेला म्हणून असाध्य, तर घडून गेलेल्या गोष्टीला आपण फक्त नाव दिलं. आत्रेयांचं उत्तर उभं राहायचं असेल, तर औषध अंगात जाण्याआधीच रोग्याच्या शरीरात काहीतरी दिसलं पाहिजे, ज्यावरून कळेल की हे इथे लागू पडेल. चरकांनी त्यासाठी रोगाचं वय, त्याचा मार्ग, दोषांची संख्या, रोग्याचं बळ अशा खुणा सांगितल्या. आजच्या प्रयोगशाळा तीच खूण गाठीच्या पेशीतल्या प्रथिनांमध्ये शोधतात. माझ्या घरात हा विषय शिरला तो मोठ्या बाबांच्या आजारातून.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. १९७२च्या दुष्काळानंतर ते मुंबईला गेले आणि गाड्यांच्या ब्रेकचं अस्तर बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. तिथे अ‍ॅसबेस्टॉस पिंजायचं, कातायचं, दाबायचं काम होतं. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाला ते लवकर जमलं. "दगडाचा कापूस व बाई," ते मला लहानपणी सांगायचे, "सरकी काढा नाही लागत." संध्याकाळी खोलीवर आले की केसांत, भुवयांत, सदऱ्याच्या शिवणीत पांढरी पूड असायची. मोठी आई तो सदरा आधी दाराबाहेर झटकायची आणि मग नळाखाली घासायची. निवृत्त होऊन गावी आल्यावर ते पुन्हा शेतात रमले. कपाशी, तूर, अलीकडे सोयाबीन.

छातीत पाणी झालं तेव्हा सत्तरी उलटून गेली होती. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय क्षयाचा. त्यांनाही क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाणी काढलं की परत भरायचं. शेवटी मोठ्या शहरात नेऊन फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासला आणि कागदावर नाव आलं, मेसोथेलिओमा. या आवरणाचा कर्करोग. अ‍ॅसबेस्टॉसचे बारीक टोकदार तंतू श्वासातून आत जातात, शरीराला ते ना विरघळवता येतात ना बाहेर टाकता येतात, आणि रोग उगवतो तो वीस ते पन्नास वर्षांनी. १९६०मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतातले ३३ रोगी नोंदवले, तेव्हापासून हे नातं जगाला माहीत आहे. त्या ३३ जणांत सगळे खाणकामगार नव्हते. खाणीच्या आसपास नुसतं राहिलेली, लहानपणी तिथल्या ढिगांवर खेळलेली माणसंही होती.

त्यांच्या मुलांनी मला बजावलं होतं की बाबांना काही सांगायचं नाही. याला चरकांचाही आधार काढता येतो. इंद्रियस्थानाच्या बारा अध्यायांत मरणाच्या खुणा सांगून झाल्यावर वैद्याला ताकीद आहे की विचारल्याशिवाय बोलू नकोस, आणि विचारलं तरी ऐकणाऱ्याला किंवा दुसऱ्या कुणाला धक्का बसणार असेल तर बोलू नकोस. मी गप्प राहिलेही असते. पण मोठ्या बाबांनी मरणाबद्दल विचारलंच नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसून त्यांनी विचारलं, "कॅन्सर हाय हे मले समजलं. तेवढं सांग, औषध लागू पडन का नाही?"

मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. या रोगावर पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही जोडी देतात. ४५६ रोग्यांवर तिची परीक्षा झाली आणि २००३मध्ये निकाल छापून आला. नुसतं सिस्प्लॅटिन दिलेल्यांत शंभरातल्या सुमारे १७ जणांची गाठ आक्रसली, जोडी दिलेल्यांत सुमारे ४१ जणांची. जगण्याचा मध्य ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेला. महिने मी त्यांना सांगितले नाहीत, ४१ सांगितले. ते थोडा वेळ बोटं मोडत बसले आणि म्हणाले, "मंग मी एक्केचायीसात का एकोनसाठात?"

आकडे शंभरांचे असतात आणि औषध एकाला घ्यायचं असतं. ४१ ही त्या घोळक्याबद्दलची खरी गोष्ट आहे, पण त्यात मोठ्या बाबांबद्दल अजून काहीच नाही. ते त्या शंभरांतले कोण, हे सांगू शकेल अशी वस्तू जगात असलीच तर ती त्यांच्या गाठीच्या त्या तुकड्यात होती. म्हणून मी वाचायला बसले.

पेशी दुभंगायची तर तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते आणि त्यासाठी थायमिडीन लागतं. ते बनवणारं प्रथिन म्हणजे थायमिडायलेट सिंथेज. पेमेट्रेक्सेड मुख्यतः त्यालाच अडवतं. मग साधा तर्क असा की ज्या गाठीत हे प्रथिन कमी, तिथे औषध पुरं पडेल. जिथे भरपूर, तिथे तोकडं पडेल. सिस्प्लॅटिन डीएनएला घट्ट गाठी मारतं आणि ईआरसीसी१ हे प्रथिन त्या गाठी सोडवणाऱ्या दुरुस्तीत असतं. ते जास्त, तर पेशी सावरणार. २०१०मध्ये इटलीतल्या संशोधकांनी या रोगाचे जुने तुकडे तपासून लिहिलं की पेमेट्रेक्सेड मिळालेल्यांत थायमिडायलेट सिंथेज कमी असणाऱ्यांचं बरं चाललं. ईआरसीसी१वरून मात्र काही सांगता आलं नाही. वाचताना मला वाटलं, आत्रेयांना हवी होती ती खूण सापडली.

ती तशी सापडलेली नाही, आणि का नाही हे समजून घेण्यात मला या विषयाचा गाभा दिसतो.

तपासणी होते कशी ते पाहा. तुकडा मेणात बसवून त्याचा काही हजारांश मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढतात. त्यावर हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड सोडतात आणि रसायनाने ती जागा तपकिरी करतात. बाकी केंद्रकं निळी. मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून पाहून ठरवतं की शंभरातल्या किती पेशी तपकिरी आणि तो रंग किती गडद, शून्य ते तीन. दोन्हींचा गुणाकार करून शून्य ते ३०० मधला आकडा निघतो. आता "कमी" कशाला म्हणायचं आणि "जास्त" कशाला? अशा अनेक अभ्यासांत रेघ मारली जाते ती तिथल्या रोग्यांच्या मध्यावर. अर्धे खाली, अर्धे वर. म्हणजे मोठे बाबा कमीत की जास्तीत, हे त्यांच्या शेजारी कोण बसलंय यावरही ठरलं असतं.

ईआरसीसी१ची गोष्ट याहून बोलकी आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात हे प्रथिन नसणाऱ्यांनाच सिस्प्लॅटिनच्या उपचाराचा फायदा होतो, असं फ्रान्समधल्या गटाने २००६मध्ये दाखवलं होतं आणि खूप आशा निर्माण झाली होती. त्याच गटाने २०१३मध्ये पुन्हा पाहिलं, तर पूर्वीच्याच नमुन्यांवर तोच निकाल येईना. वापरलेलं प्रतिपिंड नव्या घाण्यात बदललं होतं. बाजारातली १६ प्रतिपिंडं तपासली, आणि या प्रथिनाच्या चार रूपांतलं खरं काम करणारं एक रूप त्यांतल्या एकालाही वेगळं ओळखता आलं नाही. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेऊन ती जाहीर छापणाऱ्या या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. मेसोथेलिओमात आज नेहमीच्या उपचारात अशा एकाही प्रथिनावरून हे औषध द्यायचं की नाही ते ठरवत नाहीत. मोठ्या बाबांनाही कुणी आधी सांगू शकलं नाही. औषध सुरू झालं.

आमच्या जिल्ह्याला भाकितं नवी नाहीत. पूर्णा नदीपलीकडे जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेला तिथे शेतात घट मांडतात, अठरा धान्यं गोलाकार ठेवतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पापड, कुरडई, सांडोळी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे काय हललं, काय ओलं झालं ते पाहून पाऊस आणि पीक सांगतात. शेकडो माणसं ऐकायला येतात, त्यांत मोठे बाबाही दरवर्षी असायचे. त्या श्रद्धेमागे कोरडवाहू शेतकऱ्याची काळजी आहे आणि ती काळजी मला पवित्र वाटते. पण घटातली घागर पावसाला बदलू शकत नाही आणि भाकीत सांगणाराही तसं म्हणत नाही. ऐकायचं आणि सोसायला तयार व्हायचं.

वैद्यकातही अशा खुणा आहेत. त्या एवढंच सांगतात की काहीही करा, रोग या वळणाने जाईल. दुसऱ्या प्रकारच्या खुणा निराळ्या. त्या सांगतात की हे केलंत तर असं होईल, ते केलंत तर तसं. माणसाला दैव आणि पुरुषकार यांच्यामध्ये उभं राहायला जागा मिळते ती या दुसऱ्या प्रकारात. चरकांनीच विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात हा वाद मांडला आहे. पूर्वी केलेलं ते दैव, आत्ता करतो तो पुरुषकार, आणि दोहोंत जे बलवान ते दुसऱ्याला मागे सारतं. सगळ्यांचं आयुष्य ठरलेलंच असतं, तर औषधं, पथ्यं, शांती यांची गरजच काय होती, असंही ते विचारतात.

याचा पुरावा मला मोठ्या बाबांच्या चिठ्ठीवरच मिळाला. उपचाराच्या आठवडाभर आधी माझ्याकडे बी१२चं इंजेक्शन घ्यायचं, नंतर दर नऊ आठवड्यांनी, आणि रोज फॉलिक अ‍ॅसिड. आमच्या दुकानांत ही गोळी सर्रास ५ मिलिग्रॅमची मिळते. चिठ्ठीवरची मात्रा त्याहून कितीतरी कमी, म्हणून खामगावहून वेगळी मागवली. पेमेट्रेक्सेड हे औषधच पेशीची फॉलिक अ‍ॅसिडची वाट अडवणारं. मग वरून फॉलिक अ‍ॅसिड का द्यायचं?

त्यामागे एक इतिहास आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रोग्यांना या औषधाची भयंकर बाधा झाली, रक्तपेशी कोसळल्या, काही दगावले. शोध घेतल्यावर दिसलं की ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन आधीच चढलेलं होतं, त्यांनाच हा धोका अधिक होता. होमोसिस्टीन चढतं ते अंगात फॉलिक अ‍ॅसिड किंवा बी१२ कमी असलं की. ही पक्की खूण होती, कुणाला औषध बाधेल ते आधी सांगणारी. त्यावरून त्या लोकांना वगळून टाकता आलं असतं. संशोधकांनी तसं केलं नाही. सगळ्यांनाच ती जीवनसत्त्वं द्यायला सुरुवात केली आणि बाधा खूप कमी झाली. म्हणजे भाकीत खरं होतं, आणि ते हाती आल्यावर ते खोटं पाडता आलं. खुणेचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही. कोणाला औषध नाकारायचं, एवढंच सांगण्यासाठी प्रथिनं मोजायची असतील तर ती विद्या अपुरी आहे. थायमिडायलेट सिंथेज जास्त निघालं तर या माणसाला दुसरं काय देता येईल, हे तिच्या पाठोपाठ आलं पाहिजे. आणि जोवर खूण कच्ची आहे तोवर तिच्या भरवशावर कुणाच्या तोंडचं औषध काढून घेणं हा मी अधर्म मानते.

हार्वर्डचे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांना १९८२मध्ये पोटाच्या आवरणाचा हाच रोग झाला. पुस्तकात त्यांना जगण्याचा मध्य दिसला, आठ महिने. ते आकड्यांचे जाणकार होते. मध्य म्हणजे अर्धे त्यापुढे जगतात आणि त्या अर्ध्यांची ओळ किती लांब जाते यावर मध्य काहीच बोलत नाही, हे त्यांनी ताडलं, प्रायोगिक उपचार घेतले, आणि २००२पर्यंत जगले. गेले ते वेगळ्याच कर्करोगाने. मोठ्या बाबांना मी ही गोष्ट सांगितली. तो मोठा विद्वान होता म्हणून वाचला असं त्यांनी धरू नये, याचीही काळजी घेतली.

दर २१ दिवसांनी नांदुऱ्याहून गाडी धरायची, सलाईन घ्यायचं, परत यायचं. दोन फेऱ्यांनंतर स्कॅन झाला. या रोगात गाठ गोल नसते, आवरण जाड होतं. म्हणून छातीच्या भिंतीशी काटकोनात, वेगवेगळ्या पातळ्यांवर जाडी मोजून बेरीज करतात. बेरीज तीस टक्के उतरली तर औषध लागू पडलं, वीस टक्के वाढली तर नाही. मोठ्या बाबांची थोडी उतरली होती, तिसाइतकी नाही. कागदावर आलं, स्थिर. एक्केचाळिसात ते नव्हते. पण छातीत पाणी भरणं थांबलं होतं, पाठ टेकून झोप लागत होती, आणि कपाशीच्या वेचणीच्या वेळी बांधावर बसून मजुरांशी हुज्जत घालण्याइतका दम होता. एकोणसाठ म्हणून ज्यांना बाजूला काढलं, त्यांत अशीही माणसं असतात. तीसची रेघ माणसांनी मारलेली आहे. ती लागते, ती नसेल तर दोन औषधांची तुलनाच करता येणार नाही. पण बांधावर बसलेल्या माणसाचं ऋतुमान त्या रेघेत मावत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी अशा रोगासाठी जागा ठेवली होती: याप्य. बरा होत नाही, पण उपचार चालू आहे तोवर माणूस तगतो. सुश्रुत म्हणतात, कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा धरून ठेवतो, तसं. टेकू लावणाऱ्याने घर नवं केलं नाही म्हणून त्याचं काम व्यर्थ ठरत नाही. मैत्रेयाला द्यायच्या उत्तरातला हा भाग मला आत्रेयांच्या साध्य-असाध्याहून अधिक जवळचा वाटतो.

पुढच्या वर्षी मोठे बाबा गेले.

तेरवीपर्यंत घरी गरुडपुराण लागलं. कोणत्या पापाने कोणता रोग होतो, याची त्यात यादी आहे. ब्रह्महत्या करणारा क्षयरोगी होतो हे तिच्या सुरुवातीलाच. मोठ्या बाबांना आधी क्षय ठरवलेला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऐकणाऱ्यांतल्या कुणीतरी मान हलवली, आणि मोठी आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी मागे गेले. ती म्हणाली, "त्यायनं मुंगीले दुखवलं नाही. मंग त्यायलेच काऊन?"

या प्रश्नावर गप्प बसणं मला शक्य नाही. धर्म मानणारी बाई म्हणून सांगते, रोग्याच्या मागच्या जन्मावर बोट ठेवणं ही क्रूरता आहे आणि ती धर्मातही सर्वमान्य नाही. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारलं होतं की सगळं सुखदुःख पूर्वकर्माचंच फळ का. बुद्धांनी पित्त, कफ, वात, त्यांचा मेळ, ऋतुबदल, चुकीची वागणूक, बाहेरून झालेला आघात अशी एकेक कारणं मोजली, कर्मविपाक त्यांत आठवा. सगळं पूर्वकर्मावर टाकणारे स्वतःला कळतं त्याच्याही पुढे जातात आणि जगाने मानलेल्या सत्याच्याही पुढे जातात, असं ते म्हणाले. डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये याहून परखड लिहिलं. गरिबाच्या दशेला त्याचंच पूर्वकर्म कारण ठरवण्यातून राज्य आणि समाज आपली जबाबदारी झटकतात, हा त्यांचा मुद्दा मोठ्या बाबांच्या फुप्फुसाला शब्दशः लागू आहे. आणि चरक? विमानस्थानाच्या त्याच तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंस येतो. वारा, पाणी, भूमी आणि काळ बिघडले की निरनिराळ्या प्रकृतीची माणसं एकाच रोगाने मरतात. मूळ कारण अधर्म, आणि त्याची सुरुवात देशाच्या, नगराच्या प्रमुखांपासून होते. एकट्या मरणाऱ्याच्या पापावर चरक तिथे बोट ठेवत नाहीत.

मोठ्या बाबांच्या बाबतीत वारा बिघडला होता. तो कुणी बिघडवला हेही गूढ नाही. १९६०नंतर मालकांना, सरकारांना, डॉक्टरांना माहीत होतं. २७ जानेवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि अ‍ॅसबेस्टॉसच्या कारखान्यांना हुकूम दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर ठेवा. मोठ्या बाबांची अशी नोंद आम्हाला कधी दिसली नाही. हे खनिज आजही देशात आयात होतं. त्याचे पत्रे आमच्या गावात गोठ्यांवर आहेत, घरांवर आहेत, आणि पावसाळ्याआधी पोरं ते करवतीने कापतात. निदान पाणी मारून कापा, हे मी दारोदार सांगते. मोठ्या आईच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर तेच आहे.

तिचा दुसरा प्रश्न महिनाभराने आला. तुकडा काढताना मोठ्या बाबांनी एका कागदावर सही केली होती, उरलेला भाग संशोधनासाठी ठेवायला हरकत नाही म्हणून. ते मी बोलता बोलता तिला सांगितलं. ती दचकली. "म्हंजे त्यायचा तुकडा तठीच हाय? राख सावडली, पूर्णेत सोडली, अन् ते अजून तठी मेनात? मंग त्यायले गती कशी भेटन?"

मी तिला आत्म्याचं तत्त्वज्ञान सांगितलं नाही, ते तिला माझ्याहून जास्त येतं. तो तुकडा तिथे काय करतो ते सांगितलं. इटलीतल्या लोकांनी २०१०मध्ये जे शोधलं ते अशाच तुकड्यांवर, आणि २०१३मध्ये ईआरसीसी१ची चूक पकडली तीही जुने तुकडे जपून ठेवले होते म्हणून. कोणाला औषध लागू पडेल, हे आधी कुणाला कळायचं असेल तर ते फक्त त्यांच्याकडून कळू शकतं, ज्यांना ते न कळता औषध घ्यावं लागलं. मोठ्या बाबांना मिळालेलं फॉलिक अ‍ॅसिडही अशाच कुणा अनोळखी माणसांच्या मरणातून आलं होतं. ज्या ऋणांतून माणसाने मोकळं व्हायचं असतं, त्यांत मी हे ऋण धरते. त्यांच्या हयातीत ते फिटलं नव्हतं, आता फिटतंय.

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं, "त्या तुकड्यासंगं त्यायचं नाव हाय का?"

नाव नसतं, म्हटलं, क्रमांक असतो; वय, रोग आणि धंदा लिहिलेला असतो. फाइलची झेरॉक्स घरातच होती. मी काढून पाहिली. धंद्यापुढे लिहिलं होतं, शेतकरी. पत्ता पिंपळगाव राजाचा, पायात चपला शेतातल्या, कुणी पुढे विचारलंच नसणार. उद्या तो तुकडा काढून कुणी मोजणी केली, तर अ‍ॅसबेस्टॉसशी संबंध नसलेल्या रोग्यांत तो धरला जाईल.

मोठ्या आईला अक्षरओळख जेमतेम, पण हे तिला लगेच समजलं. ती आत गेली, ट्रंकेतून कारखान्याचा पास आणि पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "लिव. त्यायचं काम काय होतं ते सारं लिव. अन् धुनं मी धुवो, हेबी लिव."

रुग्णालयाच्या नोंदणी विभागाला मी मराठीत अर्ज लिहिला. नोकरीची वर्षं, खातं, पिंजायचं काम, कातायचं काम, केसांतली पूड. शेवटी तिचं वय, तिने किती वर्षं ते कपडे धुतले, आणि तिची दरवर्षी छातीची तपासणी व्हावी अशी मागणी. खाली तिने अंगठा न लावता सही केली.